दगडातली बहीण आणि एक खुलासा

त्या खेळात देवीच्या मूर्तीसमोर गुडघा टेकावा लागायचा, आणि मी तो टेकू दिला नाही. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या घरात पाप हा शब्द वापरत नसत. वापरत असते, तर विचारल्याशिवाय वाकणं हेच मी सगळ्यात मोठं पाप मानलं असतं.

हे डोक्यात कुठून आलं ते आधी सांगते. आमचं घराणं पूजा सांगणाऱ्यांचं. आजोबांनी पूजा सोडून कारकुनी धरली. वडिलांनी मास्तरकी धरली आणि जोडीला पत्रकं काढली. अंगारा देऊन मूळव्याध बरी करणाऱ्या बुवाविरुद्ध पत्रक, जत्रेत कापल्या जाणाऱ्या बोकडांवर पत्रक, ग्रामसभेला बायकांनी का यावं यावर पत्रक. जामखेडला टाइप करून, छापून आणायचे आणि गठ्ठा एसटीत मांडीवर घेऊन खर्ड्याला परतायचे. कागद गुलाबी, पिवळा, पोपटी, जो स्वस्त मिळेल तो. रविवारी सकाळी आई आणि मी घड्या घालायला बसायचो. आधी आडवी घडी, मग उभी, मग नखानं दाबून कड धारदार करायची. मी वाचायला शिकले ते त्या कागदांवर. बाकीच्या पोरी ससा आणि बदक वाचत होत्या तेव्हा मला 'शोषण' वाचता येत होतं. अर्थ कळत नव्हता, पण आवाज आवडायचा.

एकदा पत्रकात चूक झाली. त्या बुवाला राहायला जागा कुणी दिली, हे लिहिताना वडिलांनी भलत्याच माणसाचं नाव घातलं. चूक कळल्यावर त्यांनी 'खुलासा' असा मथळा घालून दुसरं पत्रक छापलं आणि पहिलं ज्या घरात गेलं होतं त्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन हातात दिलं. दारात टाकायचं नाही, शेजाऱ्याकडे ठेवायचं नाही. समोरचा वाचून होईपर्यंत उभं राहायचं. मी त्यांच्याबरोबर होते. ज्याचं नाव चुकून छापलं होतं त्या माणसाची बायको उंबऱ्यातच वाचत थांबली आणि म्हणाली, "मास्तर, बदनामी मोठ्या अक्षरात आन खुलासा बारीक अक्षरात व्हय?" पुढच्या आठवड्यात वडिलांनी तोच खुलासा मोठ्या अक्षरात छापून आणला आणि पुन्हा सगळी घरं फिरले. आमच्या घरातला रिवाज म्हणायचा तर हा एकच.

त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मैत्रिणीच्या घरी गेमचं मशीन आलं. ही मैत्रीण माझ्या बाकावर बसायची. शेतकऱ्याची मुलगी, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला घर, हाताला जोर असा की कबड्डीत मुलंही तिला टाळायची. तिचे काका पुण्यात एका साहेबांची गाडी चालवायचे. साहेब घरच्यांना घेऊन परदेशी गेले म्हणून काकांना दहा दिवसांची सुट्टी मिळाली, आणि साहेबांच्या मुलानं आपलं जुनं मशीन दिवाळीपुरतं त्यांच्याकडे दिलं. काका जातील तेव्हा मशीनही जाणार, हे पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. मशीनबरोबर एकच खेळ होता.

खेळ ग्रीक लोकांच्या पुराणांवरचा होता. ग्रीक म्हणजे कोण हे मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी, इतिहासाच्या पुस्तकातला सिकंदर आठवून, "सिकंदराच्या गावचे लोक" असं उत्तर दिलं. खेळात एका कोळ्याचा मुलगा होता. त्याच्या गावात जत्रा भरते, देवाला बोकड द्यायचा असतो, आणि त्याची बहीण आपला बोकड द्यायला नकार देते. देव चिडतो आणि तिला दगड करून टाकतो. भाऊ तलवार घेऊन निघतो. पाताळातल्या नदीचं पाणी आणून तिच्यावर शिंपडायचं, आणि वाटेत जो देव आडवा येईल त्याच्याशी भांडायचं. मी ते वाचलं आणि उडालेच. हे तर वडिलांचं पत्रक होतं, नुसतं तलवार घातलेलं!

वाचायचं काम माझ्याकडे होतं. इंग्रजी दोघींनाही शाळेत होतं, पण पडद्यावरची अक्षरं वळणावळणाची आणि शब्द अवघड. मी वडिलांचा शब्दकोश घेऊन बसायचे. रिमोट मैत्रिणीकडे. खेळायच्या कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो. मी वाचून मराठीत सांगायचे, ती लढायची. जे कळलं ते मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे: साप तीन तोंडांचा, मधलं तोंड आधी. पुलावर पळायचं नाही, चालायचं. मैत्रीण मला मास्तरीण म्हणायची.

"मास्तरीण, ह्यो बैलतोंड्या कुनीकडून येतोय ते सांग आधी, मग वाच तुझं."

"डावीकडून आहे."

"आहे म्हनं! हाय म्हन की. तुझं आहे म्हनंपर्यंत माझं मुंडकं उडालं."

पहिल्या देवळात एक मूर्ती होती. स्मरणाची देवी, असं खाली लिहिलं होतं. जवळ गेलं की पडद्यावर एक ओळ यायची. मी शब्दकोशात बघून ती नीट लावली. तिचा अर्थ असा होता: इथे गुडघा टेक, म्हणजे तुझी वाटचाल लक्षात ठेवली जाईल. बटण दाबलं की वीर गुडघ्यावर बसणार आणि तिथवरचा खेळ मशीनमध्ये साठवला जाणार. मला ते कळलं होतं. न कळल्याचं सोंग मी आजवर कुणापुढे केलेलं नाही, इथेही करणार नाही.

पण माझ्या मनात राग उसळला. जो देवांशी भांडायला निघालाय तो देवीपुढे वाकेल कसा? ज्यांनी बहिणीला दगड केलं त्यांच्यातलीच ही एक. मैत्रिणीनं रिमोटवर बोट ठेवून विचारलं, "काय म्हनती ही बाई?"

मी म्हणाले, "तिच्यापुढे तो वाकला तर सगळी ताकद जाईल आणि परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

मैत्रिणीनं बोट चटकन उचललं. "बरं झालं वाचलंस," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी लाईट गेली. लाईट रोजच जायची, वेळही ठरलेली नव्हती. परत आल्यावर मशीन सुरू केलं तर वीर पुन्हा कोळ्याच्या झोपडीत उभा. सगळं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तीन तोंडांचा साप आम्ही इतक्या वेळा मारला की मैत्रीण त्याला "आलास का रं?" असं विचारायला लागली. साप, पूल, बैलतोंड्याचा चक्रव्यूह, मग समुद्राच्या देवाची खाडी, आणि तिथे कधीतरी पडदा काळा. पुन्हा झोपडी.

आज मागे वळून बघते तर ते दिवस मला दुःखाचे वाटत नाहीत, आणि याचीच मला लाज वाटते. काय मजा होती! काकी, म्हणजे मैत्रिणीची आई, ताटलीत चिवडा ठेवून जायची आणि जाताना म्हणायची, "पोरींनो, डोळं फुटतील," आणि मग दारात उभी राहून स्वतःच पाच मिनिटं बघायची. लाईट नसली की आम्ही अंगणात दिवाळीचा किल्ला करायचो. यंदा शिवाजी महाराजांचा नको, चक्रव्यूह करू, असं मैत्रिणीनं ठरवलं. विटांच्या तुकड्यांवर चिखल थापून आम्ही भिंती उभ्या केल्या, हळीव पेरला, आणि मधोमध पोळ्याला आणलेला मातीचा बैल मागच्या दोन पायांवर उभा करून चिखलात रोवला. येणारे-जाणारे विचारायचे, "हा कुठला गं गड?" मैत्रीण सांगायची, "सिकंदराच्या गावचा." लाईट असली की गल्लीतली चार-पाच पोरं खिडकीला लटकायची, आणि मुलींनी कसला मारामारीचा गेम खेळायचा असं त्यातला एक म्हणाला तेव्हा मैत्रिणीनं त्याला आत बोलावून रिमोट दिला. साप त्याला पुलाच्या अलीकडेच खाऊन गेला. पुन्हा तो बोलला नाही.

पण मैत्रिणीला मजेसाठी खेळायचं नव्हतं. तिला बहीण सोडवायची होती. रोज सुरुवातीला जेव्हा ती दगडाची मुलगी दिसायची, हात पुढे, तोंड अर्धवट उघडं, तेव्हा मैत्रीण बटण दाबून पुढे जायची नाही. पूर्ण बघायची. तिची स्वतःची थोरली बहीण आदल्या वर्षी भूमकडे दिली होती. त्या दिवाळीला सासरच्यांनी तिला पाठवलं नव्हतं. घरात कुणी त्यावर मोठ्यानं बोलत नव्हतं. काकी फक्त एसटीच्या वेळेला दारात यायची. मैत्रीण एकदाच म्हणाली, नजर पडद्यावर ठेवून, "हिला तरी सोडवू."

मी ऐकलं. तरीही मी सांगितलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता ना.

आठव्या दिवशी आम्ही सगळ्यात पुढे गेलो. सकाळपासून लाईट गेली नव्हती. समुद्राचा देव हरला, पाताळाचं दार उघडलं, आणि वीर त्या काळ्या नदीच्या काठावर पोचला. नदीच्या अलीकडे पुन्हा तीच मूर्ती, तीच ओळ. मैत्रिणीच्या कपाळावर घाम होता. ती मूर्तीपासून लांबून वळसा घालून गेली. पाणी दहा पावलांवर होतं.

लाईट गेली.

ती ओरडली नाही. रिमोट मांडीवरून उचलून हळूच जमिनीवर ठेवला. मग म्हणाली, "मास्तरीण, त्या बाईपाशी काय लिहिलंय ते परत एकदा नीट बघशील का गं? एवढ्या ठिकानी ती का म्हनून उभी हाय?"

"सांगितलं ना एकदा."

"व्हय, सांगितलंस." तिनं मान हलवली. "तुमच्या घरात खोटं न्हाई लिहीत. मला म्हाईत हाय."

घरी आले तेव्हा आई संध्याकाळच्या उजेडात ओसरीवर पत्रकांच्या घड्या घालत होती. मी शेजारी बसले आणि घड्या घालायला लागले. माझ्या घड्या वाकड्या पडत होत्या. शेवटी मी विचारलं, एखाद्याला वाकण्यापासून वाचवायला खोटं सांगितलं तर चालतं का.

"कसलं खोटं?"

मी सगळं सांगितलं. मूर्ती, ओळ, ताकद जाईल असं सांगितल्याचं. आईनं हातातला कागद खाली ठेवला नाही. त्यावर काय छापलंय ते मला दिसेल असा उलटा केला. पुन्हा तोच बुवा. या वेळी त्यानं एका बाईला सांगितलं होतं की अंगारा न घेता दवाखान्यात गेलीस तर वाटोळं होईल.

"मग तो आणि तू यात फरक काय गं?" आई म्हणाली. "तोही हेच करतो. हे केलंस तर वाटोळं होईल म्हणून भीती घालतो. समोरचीला ते वाचता येत नाही, हे त्यालाही माहीत आणि तुलाही."

मला वडिलांकडे जायची गरज पडली नाही. पुढे काय करायचं ते त्या घरातल्या कुणालाही माहीत होतं.

नववा दिवस गेला तो मला धीर होत नव्हता म्हणून. भाऊबीज होती, त्यांच्याकडे पाहुणे आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. दहाव्या दिवशी सकाळी मी पिवळं पत्रक घेतलं, कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारल्या आणि स्केचपेननं लिहिलं. मोठ्या अक्षरात.

खुलासा. मूर्तीपाशी असे लिहिले आहे की गुडघा टेकल्यास खेळ साठवला जातो. ताकद जात नाही. मी हे पहिल्या दिवसापासून जाणून होते. मी खोटे सांगितले.

ती अंगणात चक्रव्यूहाला पाणी घालत होती. मी कागद हातात दिला आणि उभी राहिले. ती एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेली. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं.

"दहा दिवस?" ती म्हणाली. "दहा दिवस गं? मी त्या सापाला नावानं वळखाय लागले!"

"चुकलं माझं."

"का पन?"

"वाकायला नको म्हणून."

"आगं पन वाकनार कोन हुतं? त्यो! त्याची बहीन दगडात हाय. त्यो वाकंल, न्हाई तर लोटांगन घालंल. तुझं काय जातंय?"

तिनं पाण्याचा तांब्या माझ्या अंगावर रिकामा केला. नंतर बरीच वर्षं मी भाषणांत, लेखांत, वादांत माझं म्हणणं मांडत आले. पण बहीण ज्याची दगडात आहे त्यानं कुठे वाकायचं ते आपण ठरवायचं नाही, हे मला इतक्या स्पष्टपणे कुणी पुन्हा सांगितलं नाही.

मग ती म्हणाली, "काका तीनच्या गाडीनं जानार हायती. चल आत. ओल्या कपड्यानंच चल."

आम्ही खेळलो. साप, पूल, बैलतोंड्या, सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. पहिल्या देवळात ती मूर्तीसमोर थांबली आणि रिमोट माझ्यापुढे केला.

"तू दाब."

"तूच दाब ना."

"तू वाचलं हुतंस. तूच दाब."

मी दाबलं. कोळ्याचा मुलगा गुडघ्यावर बसला. मूर्तीच्या हातातल्या दिव्यातून उजेड त्याच्या खांद्यावर आला, आणि खाली लिहून आलं की लक्षात ठेवलं. एवढंच. माझं काहीही वाकलं नाही. त्यानंतर प्रत्येक देवळात तिनं रिमोट माझ्याकडे दिला आणि प्रत्येक देवळात मी बटण दाबलं. लाईट एकदा गेली, अर्ध्या तासानं आली, आणि वीर झोपडीत नव्हता, चक्रव्यूहाच्या दारात होता. मैत्रीण मोठ्यानं हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसू.

पावणेतीनला आम्ही काळ्या नदीच्या अलीकडच्या मूर्तीपाशी होतो. मी बटण दाबलं, उजेड आला, आणि काका दारात बॅग घेऊन उभे राहिले. "पोरींनो, झालं का? वायरी काढाव्या लागतील."

"काका, दहाच पावलं राह्यलीत," मैत्रीण म्हणाली.

"गाडी थांबनार हाय का माझ्यासाठी? साहेब उद्या यायचे हायती."

काकांची काही चूक नव्हती. त्यांनी वायरी गुंडाळल्या, मशीन टॉवेलात बांधलं. आमचा वीर गुडघ्यावर बसलेला तसाच पुण्याला गेला. साहेबांच्या मुलानं पुढे त्याचं काय केलं, कुणास ठाऊक.

शाळा सुरू झाल्यावर ती महिनाभर दुसऱ्या बाकावर बसली. मग परत आली, डबा उघडून माझ्यापुढे सरकवत. तिची थोरली बहीण संक्रांतीला माहेरी आली, पाहुणी म्हणून, आणि चार दिवसांनी परत गेली. त्यावर मी पुढे एक पत्रक लिहिलं. माझं पहिलं. लिहिण्याआधी मैत्रिणीला आणि तिच्या बहिणीला वाचून दाखवलं, आणि बहिणीनं दोन वाक्यं काढायला लावली ती काढली.

आता पत्रकं कमी झाली. मोबाईलवर वाट्टेल ते येतं. खाली ना लिहिणाऱ्याचं नाव, ना छापणाऱ्याचं. दर सकाळी लोक एकमेकांना भीती पाठवतात, हे करू नका नाही तर वाटोळं होईल, आणि ती खोटी ठरली की कुणी कुणाच्या दारात जाऊन उभं राहत नाही. मला त्याचा संताप येतो. त्या संतापात मी अजूनही वर्षातून तीन-चार पत्रकं काढते, घड्या घालते, वाटते. आणि हात कामात असताना कित्येकदा ओल्या कपड्यांनी जमिनीवर बसलेली ती दुपार आठवते, चिवड्याचा वास, खिडकीला लटकलेली पोरं, पायावर वाळत चाललेला चिखल.

गेल्या वर्षी जामखेडच्या स्टँडवर मैत्रीण भेटली. ती आता नगरला दवाखान्यात नर्स आहे. कामावर परत निघाली होती, मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गावाकडे. बाकावर बसून आम्ही चहा घेतला. तिनं गठ्ठ्यातलं एक काढून दोन्ही बाजूंनी बघितलं.

"मागं काय न्हाई लिहिलंस व्हय? साप कुनीकडून येतोय?"

मी हसले. मग म्हणाले, "ती सुटली का गं शेवटी? बहीण?"

या खेळाचा शेवट शोधणं आता अवघड नाही. कुणीतरी पूर्ण खेळून तो मोबाईलवर टाकलेला असणार. मी मात्र कधी शोधला नव्हता. ज्या दहा पावलांवरून माझ्या खोट्यानं तिला मागे पाठवलं ती एकटीनं चालून जायचा मला हक्क वाटत नव्हता.

"मी बघितलं," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली. ड्युटीवर जेवायच्या सुट्टीत."

"मग?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. "न्हाई सांगत."

"असं काय गं!"

"तू दहा दिवस न्हाई सांगितलंस. मी दहा वर्सं न्हाई सांगनार. दोन झाली, आठ राह्यली. आन तू पन बघायचं न्हाई. घे शपथ."

"शपथ आमच्या घरात चालत नाही."

"मग लिहून दे. मोठ्या अक्षरात."

तिची गाडी लागली होती. मी गठ्ठ्यातल्या पोपटी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, की मी आठ वर्षं शेवट बघणार नाही, विचारणार नाही, खाली सही केली आणि तिच्या हातात दिलं. ती गाडीच्या दारात उभी राहून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत राहिली. कंडक्टर ओरडत होता. मी खाली उभी होते, तिचं वाचून होईपर्यंत.